पारोळा, शहादा, चोपडा: तीन पॅरा खेळाडूंवर माहितीपट करायचाय, शूटिंगची आखणी कशी करू?

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी.

खानदेशातल्या तीन पॅरा खेळाडूंवर पंचवीस-तीस मिनिटांचा माहितीपट ठरतोय. पारोळ्याचे एक दादा, बसून गोळाफेक, गट एफ ५७. शहाद्याची धावपटू, पूर्ण अंध, टी ११, १०० आणि ४०० मीटर. आणि चोपड्याचा मुलगा, डावा हात कोपराखाली नाही, भालाफेक एफ ४६, वय १७. तिघांनीही तोंडी होकार दिलाय.

आमच्याकडे दोन मिररलेस कॅमेरे, २४-७० आणि ७०-२०० च्या लेन्स, दोन कॉलर माइक आणि एक शॉटगन माइक आहे. माणसं तीन. एप्रिलमध्ये शूटिंग उरकायचा विचार आहे, कारण सगळ्यांना तेव्हाच सवड आहे.

विचारायचं ते हे: कॅमेरा कुठे लावायचा म्हणजे खेळ नीट दिसेल आणि कुणाच्या मध्येही येणार नाही? गटांचे आकडे प्रेक्षकाला कंटाळा न येता कसे सांगायचे? संमतिपत्रात काय काय हवं? तिघंही घरी अहिराणी बोलतात, मग मुलाखत अहिराणीत घ्यावी की मराठीत?

---

सेक्टरबाहेर

भाऊ, गटांपासूनच सुरुवात करा, कारण तिथे चुकलात तर बाकीचा माहितीपट कितीही देखणा होऊ द्या, लोक खेळाडूवरच संशय घेतील.

एफ ५७ चे बरेचसे खेळाडू उभे राहू शकतात. कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) किंवा कुबडी घेऊन चालतात, काही जण स्कूटर चालवतात. आता तुम्ही दादांना घराच्या ओट्यावरून उतरताना दाखवलंत आणि पुढच्याच दृश्यात ते खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेले दिसले, तर प्रेक्षक म्हणणार, ‘हा तर चालतोय की!’ खाली कमेंटमध्येही तेच येणार. म्हणून घरचं दृश्य येण्याआधीच एवढं सांगून टाका: गट ठरतो तो त्या खेळासाठी शरीराची कोणती ताकद उपलब्ध आहे यावरून, माणूस खुर्ची वापरतो की नाही यावरून नव्हे. हे निवेदकापेक्षा दादांनी स्वतः सांगितलेलं उत्तम. पट्टा बांधताना पायाकडे बोट दाखवून ते वीस सेकंदांत सांगतील.

अक्षरांचं गणित सोपं आहे. टी म्हणजे धावणं आणि उड्या, एफ म्हणजे फेकी. पहिला आकडा दोषाचा प्रकार सांगतो, दुसरा साधारणपणे तीव्रता. एका प्रकारात आकडा जितका लहान तितकी मर्यादा जास्त. ११ ते १३ दृष्टीचे, ४५ ते ४७ हाताचे, ५१ ते ५७ बसून फेकणारे. यापलीकडे तक्ता दाखवू नका. ओळखीचं उदाहरण लागलं तर सांगलीकडच्या सचिन खिलारींचं घ्या: २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेक एफ ४६ मध्ये १६.३२ मीटर आणि रौप्य. तुमच्या चोपड्याच्या मुलाचा गट तोच, फक्त साधन वेगळं.

वर्गीकरण तपासणीच्या खोलीत कॅमेरा नेण्याचा विचारच करू नका. ती वैद्यकीय तपासणी असते. खेळाडूच्या नावापुढे एन, आर किंवा सी असा दर्जा असतो: नवा, पुनर्तपासणीचा, कायम झालेला. ज्याचा आर आहे तो कॅमेऱ्यासमोर शरीराबद्दल जपून बोलेल. त्याला खोदून विचारू नका, दर्जा आधीच विचारून ठेवा.

आता गोळाफेक. खुर्चीची उंची उशीसकट जास्तीत जास्त ७५ सेंटिमीटर. समोर किंवा बाजूला एक सरळ खांब असतो, तो न फेकणाऱ्या हाताने धरायचा. गोळा हातातून सुटेपर्यंत बूड बैठकीवरून उठलं की फाउल. त्यामुळे खरा थरार बैठक आणि मांडी जिथे टेकतात तिथे आहे. पंचही बाजूला बसून तिथेच टक लावून असतो. एक कॅमेरा ७०-२०० वर, जमिनीपासून ७०-८० सेंटिमीटरवर, बाजूने, फक्त बैठक आणि कंबर धरून ठेवा. दुसरा चेहऱ्याच्या उंचीला. खुर्चीत बसलेल्याचे डोळे जमिनीपासून साधारण दीड मीटरवर येतात, म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्यांहून फार खाली नाहीत. उगाच गुडघ्यावर बसून खालून वर बघणारा ‘भव्य’ कोन लावू नका. दादा उजव्या हाताने फेकत असतील तर डावीकडून खांब तोंडावर येतो. उजवीकडे, फेकीच्या वर्तुळाच्या ओळीत, सेक्टरच्या (गोळा पडण्यासाठी आखलेल्या भागाच्या) बाहेर उभे राहा. डावखुऱ्यासाठी उलट.

बसून फेकीत एका खेळाडूच्या फेकी सलग होतात. उभ्याच्या स्पर्धेसारखा मध्ये वीस मिनिटांचा श्वास मिळत नाही. बॅटरी आणि कार्ड खुर्ची बांधत असतानाच बदलून घ्या.

सरावाच्या मैदानावर खुर्ची बांधायला काँक्रीटमध्ये हुक नसतील, आणि तालुक्याच्या मैदानावर ते बहुधा नसतातच, तर लोखंडी खुंट्या ठोकाव्या लागतात. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि खुंटी दोन फेकीत सैल होते. पावसात तर लोण्यातच ठोकल्यासारखं. खुंटी निदान दीड-दोन फूट लांब, तिरकी, खुर्चीपासून बाहेरच्या दिशेला डोकं झुकवून, आणि प्रत्येक तीन-चार फेकीनंतर रॅचेट पट्टा पुन्हा आवळायचा. खुर्ची हलली की ताकद खुर्चीतच जिरते, गोळा मीटरभर आधी पडतो, आणि तुमच्या माहितीपटात राज्य पातळीचा खेळाडू नवशिका दिसतो. बांधायचं काम त्यांच्या प्रशिक्षकानेच करावं. तुमच्या माणसाने हात लावू नये.

भालाफेकीत समोर कुणीही नको, रिमोटवर ठेवलेला कॅमेरासुद्धा नको. सेक्टर जवळजवळ २९ अंशांचा असतो, पण सरावात भाला त्याच्या बाहेरही जातो. धावपट्टीच्या मागून एक आणि फेकीच्या रेषेला काटकोनात लांबून एक, एवढं पुरतं. मुलाचा डावा हात नाही, म्हणजे फेकताना छाती बंद ठेवायला जो हात आवळून घेतात तोच नाही. खांदा लवकर उघडतो, ते तो धडाने सावरतो. हे सेकंदाला १०० फ्रेमवर बाजूने घ्या आणि त्याच्या प्रशिक्षकाचा आवाज त्यावर ठेवा. भाल्याबरोबर कॅमेरा झपाट्याने फिरवला तर सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो म्हणून मागचे खांब तिरके दिसतात. तिथे कॅमेरा स्थिर ठेवून भाल्याला चौकटीबाहेर जाऊ द्या.

मूळ वेग २५ फ्रेम, शटर १/५०. संथ दृश्य १०० फ्रेम, म्हणजे चौपट संथ. १२० नको, आपली वीज ५० हर्ट्झची, हॉलमधल्या दिव्याखाली चित्र लुकलुकतं. दिव्याखाली १०० फ्रेमला शटर १/१०० ठेवा. उघड्या उन्हात काहीही चालतं.

---

साक्रीचा वारा

आवाजाबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते.

टी ११ ची धाव म्हणजे निम्मा आवाजच आहे. धावपटूच्या डोळ्यांवर पट्टी सक्तीची असते, मार्गदर्शक धावकाबरोबर छोट्या दोरीने हात जोडलेला असतो, आणि ४०० मीटरमध्ये तो वळण, अंतर, वेग सगळं बोलून सांगत असतो. कॉलर माइक त्याला लावा, तिला नको. तिच्या छातीवरच्या माइकला फक्त धाप आणि कपड्याची खसखस मिळेल. त्याच्या माइकला दोघांची पावलं आणि सूचना दोन्ही मिळतात. माइक दोरीच्या उलट्या बाजूला, बनियनच्या आतून, वैद्यकीय चिकटपट्टीने. हे सगळं सरावातच. स्पर्धेत अंगावर कसलंही उपकरण नको, धाव बाद व्हायची.

चौकट रुंद ठेवा. टी ११ मध्ये प्रत्येक जोडीला दोन लेन मिळतात, म्हणून आठ लेनच्या ट्रॅकवर चारच धावपटू असतात. नुसती तीच दाखवायची म्हणून त्याला कापलंत तर तिचा हात हवेत लटकलेला दिसतो. शेवटची रेषा अगदी काटकोनात घ्या: तिचं धड आधी ओलांडायला हवं, मार्गदर्शक आधी ओलांडला तर ती बाद. त्याने तिला ओढणं किंवा ढकलणंही चालत नाही. हे एकदा कळलं की प्रेक्षक शेवटचे दहा मीटर श्वास रोखून बघतो, वरून ढोल बडवायची गरज पडत नाही. शेवटच्या श्रेयनामावलीत मार्गदर्शकाचं नाव खेळाडूच्या ओळीतच द्या.

ती धावत असताना ट्रॅकच्या कडेने तुम्ही तिघांनी गप्प राहायचं. ‘रोलिंग’, ‘कट’ ओरडलात तर तिला सूचना ऐकू येत नाहीत. हाताने खुणा ठरवून घ्या. आणि तुमची ट्रायपॉड, केबल, पिशवी कुठे पडली आहे ते तिला सुरुवातीलाच हात धरून दाखवा, नंतर जागा बदलू नका. बदललीच तर आधी सांगा.

वाऱ्याचं म्हणाल तर साक्रीकडे पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. दुपारनंतर उघड्या मैदानावर फोमच्या टोपीने काही होत नाही. शॉटगनवर केसाळ आवरण हवंच, आणि लो-कट (खालची घरघर कापणारी सोय) ८० ते १०० हर्ट्झवर. पातळी सरासरी उणे १८ ते उणे १२ डेसिबलमध्ये, कारण गोळा सुटताना जो हुंकार येतो तो बोलण्याच्या दुप्पट मोठा असतो. मोठा आवाजही न फाटता टिपणारा ३२-बिट फ्लोटचा रेकॉर्डर मिळाला तर ही डोकेदुखी संपते. गोळा मातीत पडण्याचा धप्प आवाज लांबून कधीच मिळत नाही. फेक झाल्यावर, सगळे थांबलेले असताना, जवळ माइक ठेवून वेगळा घ्या.

मुलाखत अहिराणीतच. मराठीत बोलायला लावलं की माणूस शाळेतल्या निबंधासारखं बोलतो.

---

बोरीकाठ (अमळनेर)

ताई, भाऊ, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. दोन गोष्टी. एप्रिलचं कुणी काहीच बोललं नाही. आणि दादांना पोलिओ आहे, पण आता धुळ्याचे एक व्हीलचेअर रेसिंगवाले, मणक्याला इजा झालेले, टी ५४, तेही तयार आहेत. चौथे घ्यावेत का?

---

कॅलिपर आणि कळणा

एप्रिल विसरा. भुसावळ-जळगावचा पारा तेव्हा चाळिशी ओलांडून बसलेला असतो, आणि मणक्याची इजा असलेला माणूस घेताय म्हणता. नोव्हेंबर ते फेब्रुवारी घ्या. सवड नसेल तर सकाळी साडेसहा ते साडेनऊ, त्यापुढे एक मिनिटही नको.

कारण असं. पोलिओत पायाची ताकद जाते, संवेदना शाबूत असते. दादांना लोखंडी खुर्ची तापली की चटका लगेच कळेल. मणक्याच्या इजेत इजेच्या खाली संवेदनाही जाते आणि घामही नीट येत नाही. उन्हात तापलेल्या ॲल्युमिनियमच्या चौकटीला मांडी टेकली तर भाजेल आणि कळणार नाही. संध्याकाळी फोड दिसेल, मग ती जखम भरायला महिने. चौकटीवर ओलं फडकं टाका, सावली धरा, तोंडावर आणि मानेवर पाण्याचा फवारा द्या. इजा छातीच्या वरच्या भागात असेल तर अंग तापण्याचा धोका आणखी वाढतो. अचानक डोकं ठणकणं, चेहरा लाल होणं, वरच्या अंगाला दरदरून घाम, ही लक्षणं दिसली तर शूटिंग बंद. त्यांना ताठ बसवायचं, घट्ट पट्टा आणि कपडे सैल करायचे, लघवीची नळी मुडपली आहे का बघायचं, आणि आराम पडला नाही तर थेट दवाखाना. हा रक्तदाब अचानक चढल्याचा झटका असतो, उन्हाचा त्रास म्हणून पाणी पाजत बसू नका.

वेळापत्रक त्यांच्या शरीराच्या घड्याळावर बांधा. बरेच जण दर चार ते सहा तासांनी नळीने लघवी काढतात, त्याला स्वच्छ जागा, पाणी आणि पंधरा-वीस मिनिटं लागतात. दर अर्ध्या तासाला बूड उचलून दाब मोकळा करावा लागतो. म्हणून बैठी मुलाखत सलग पंचवीस मिनिटांपेक्षा जास्त नको, मग ती कितीही रंगात आलेली असो. जागा बघायला जाल तेव्हा आधी संडास बघा: दाराची रुंदी मोजा, ८० सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर खुर्ची अडकते. क्रीडा संकुलाच्या दाराला उतार आहे एवढ्यावर विसंबू नका, आतल्या दाराला उंबरा असतो.

रेसिंगची खुर्ची तीन चाकी आणि लांब असते. इको गाडीमध्ये चाकं काढून कशीबशी जाते, पण मग माणसं बसत नाहीत. छोटा टेम्पो वेगळा धरा. शूटिंगच्या गाडीत पुढे धावून मागे कॅमेरा धरायचा असेल तर गाडीचा धूर थेट त्यांच्या नाकात जातो, कारण त्यांचा चेहरा गुडघ्यांवर झुकलेला, जमिनीच्या जवळ. सायकलवरून किंवा लांबून लेन्सने घ्या. माइक छातीला लावू नका, तिथे गुडघे टेकतात. हातमोजे चाकाच्या कड्यावर आपटण्याचा टपटप आवाज हाच त्या खेळाचा ठेका आहे, तो चौकटीला मागच्या बाजूने माइक बांधून घ्या.

चौथा घ्यावा का? तीस मिनिटांत चार जण म्हणजे प्रत्येकाला सात मिनिटं. मी तीनच ठेवीन. रेसिंगवाल्यांवर वेगळा दहा मिनिटांचा करा.

संमतिपत्र मराठीत, साध्या भाषेत, दोन पानांच्या आत. कुठे दाखवणार, किती वर्षं, पैसे मिळाले तर काय, आणि घरातली व वैद्यकीय दृश्यं यांची परवानगी वेगवेगळ्या रकान्यात. संमती मागे घेण्याची शेवटची तारीख लिहा, म्हणजे संपादन पूर्ण होण्याआधीची. शहाद्याच्या ताईंना पत्र मोठ्याने वाचून दाखवा, ते वाचन रेकॉर्ड करा आणि पत्राची फाइल त्यांच्या फोनवर पाठवा, म्हणजे त्या स्क्रीन रीडरने (मजकूर वाचून दाखवणाऱ्या ॲपने) पुन्हा ऐकू शकतील. ‘अंगठा द्या’ म्हणू नका, बहुतेकांना सही येते. चोपड्याचा मुलगा १७ चा, म्हणजे पालकांची सही लागेल, पण त्याची स्वतःचीही घ्या. वडील हो म्हणाले आणि पोरगा तोंड पाडून बसला असेल तर ते फुटेज वापरू नये. यूडीआयडी (दिव्यांगत्वाचं ओळखपत्र) कार्ड, आधार, वर्गीकरणाचं कार्ड दाखवायचं झालं तर क्रमांक झाका.

प्रश्न विचारताना ‘हे कसं झालं’ सगळ्यात शेवटी. आधी: सगळ्यात लांब फेक कुठली, त्या दिवशी वारा कसा होता, खांब कुठे धरता, जेवता काय, मैदानापर्यंत कसे येता. आणि सुप्रीम कोर्टाने ८ जुलै २०२४ च्या निकालात पडद्यावरच्या दिव्यांग चित्रणाबद्दल मार्गदर्शक मुद्दे दिले आहेत, ते एकदा वाचून घ्या. कच्चं संपादन झालं की तिघांना दाखवा. करुण बासरी टाकली असेल तर तेच काढायला सांगतील.

---

गेटमन

प्रवासाची दृश्यं घेणार असाल तर एक लक्षात ठेवा. भुसावळ जंक्शन मध्य रेल्वेत, पण अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार ही पश्चिम रेल्वेची स्टेशनं. दिव्यांगांच्या डब्यात चढतानाचं दृश्य भुसावळला घेतलं तर अर्ज मध्य रेल्वेकडे, अमळनेरला घेतलं तर पश्चिम रेल्वेकडे. स्टेशन मास्तरला विचारून भागत नाही, तो वर पाठवतो. स्टेशनबाहेरच्या रिक्षा थांब्यावर घेतलंत तर निम्मं काम सुटतं.

ड्रोन कुठे उडवता येतो ते कळायला डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाचा नकाशा बघा. जळगावला विमानतळ आहे, त्याच्या आसपास हिरवा (परवानगीशिवाय उडवायचा) पट्टा नाही. फेक किंवा धाव चालू असताना ड्रोन उडवूच नका, आवाजाने अंध धावपटू तर पूर्ण गोंधळते.

---

मात्रा-वेलांटी

उपशीर्षकांचं राहिलं. अहिराणी संवादाला मराठी उपशीर्षकं लागतील, पण ओळीला ३५-३८ अक्षरांपेक्षा जास्त नको आणि दोनच ओळी. प्रीमियरमध्ये जोडाक्षरं फुटत असतील तर प्राधान्यांमध्ये ग्राफिक्सखाली साउथ एशियन मजकूर इंजिन निवडा आणि सॉफ्टवेअर पुन्हा चालू करा. ओळींमधलं अंतर वाढवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. अहिराणीचं भाषांतर अहिराणी घरात बोलणाऱ्याकडूनच तपासून घ्या, आणि रावेर-यावलकडचं कुणी बोलत असेल तर ती लेवा बोली, तिचा तपासणारा वेगळा.

कर्णबधिरांसाठी एक वेगळी फाइल करा, तिच्यात [शिट्टी], [टाळ्या], [गोळा पडतो] असे आवाजही लिहा. शहाद्याच्या ताईंना स्वतःचा माहितीपट कळायला हवा असेल तर ध्वनिवर्णनाची आवृत्तीही लागेल: संवादांच्या मधल्या जागेत, वर्तमानकाळात, काय दिसतंय एवढंच. त्यासाठी संपादनातच दृश्यांमध्ये दोन-तीन सेकंद मोकळे सोडा, नंतर ते कुठून आणणार? वर्णनाचा पहिला खर्डा त्यांनाच ऐकवा.

फोर-के, १०० मेगाबिटवर तासाला ४५ जीबी जातात. दोन कॅमेरे, रोज तीन तास, म्हणजे दिवसाला २७० जीबी, आणि प्रती दोन. दुसरी हार्ड डिस्क दुसऱ्या घरात ठेवा.

जुनी पॅरालिम्पिकची दृश्यं यूट्यूबवरून उतरवून वापरू नका, हक्क आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीचे असतात, आणि त्यांचं बोधचिन्ह पोस्टरवरही चालत नाही. १९७२ ला हायडेलबर्गमध्ये मुरलीकांत पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइलला सुवर्ण जिंकलं हे निवेदनात सांगायला कुणाची परवानगी लागत नाही. दृश्याला लागते.

---

बोरीकाठ (अमळनेर)

ठरलं. तीनच खेळाडू, डिसेंबरचा दुसरा पंधरवडा, सकाळी साडेसहा. या आठवड्यात संमतिपत्राचा मसुदा इथेच टाकतो, कॅलिपर भाऊ, तुम्ही तेवढा बघून घ्या. आणि पारोळ्याच्या मैदानावर काँक्रीटमध्ये चार हुक बसवायचे तर खड्डा किती खोल लागेल, कुणी सांगू शकेल का?

---

सेक्टरबाहेर

काळ्या मातीत नुसता हुकापुरता खड्डा भरू नका, माती फुगते आणि तुकडा वर येतो. सबंध फरशीच घाला: साधारण सव्वादोन मीटर चौरस, सहा इंच जाड, खाली मुरूम दाबून, मध्ये सळईची जाळी, आणि हुक त्या जाळीला वेल्ड केलेले. हुकाचं तोंड फरशीच्या पातळीच्या वर येऊ देऊ नका, उभे फेकणारे त्यात पाय अडकून पडतील. वाटीसारखा खळगा ठेवून आत बसवा. एकवीस दिवस पाणी मारा. आधी मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी घ्या, आणि जागा आखताना दादांना खुर्चीसकट तिथे बसवून सूर्य कुठून येतो ते बघा, सकाळी डोळ्यांवर ऊन येणारी दिशा नको.